चुकीचा ब्रुनो

मी हे लिहितोय म्हणून मला भोळा समजू नका. मी कॅथलिक आहे, मूळचा वसईचा, चर्चमधला रविवारचा मिस्सा सहसा चुकवत नाही... पण चमत्कार, दृष्टांत, अंगाला तेल लावलं आणि कंबर मोकळी झाली – असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. महापेला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेतो. बायको म्हणते तोच माझा खरा धर्म.

बायको, अनिता, आमच्या सीवूड्सजवळच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण शिकवते. शिवाय दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मराठी प्रार्थना गट असतो, त्यातही ती असते. चर्चच्या दारात एक लाकडी पेटी आहे. ज्याला जी प्रार्थना हवी त्याने ती चिठ्ठीवर लिहून टाकायची. गट त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचतो आणि प्रत्येकीसाठी प्रार्थना करतो. पेटी सगळ्यांसाठी खुली – हिंदू, मुस्लिम, कुणीही टाकतं. पास होऊ दे, व्हिसा मिळू दे, सासूचा स्वभाव सुधारू दे.

गेल्या वर्षीची गोष्ट. त्या मंगळवारी अनिताची पहिल्या कम्युनियनचा विधी असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर मीटिंग होती. "आज चिठ्ठ्या तू वाच," ती म्हणाली. "वाचायच्याच आहेत. विश्वास ठेवायला कोण सांगतंय?"

गेलो. चर्चमागच्या छोट्या खोलीत आम्ही चौघं. सिरिल अंकल – रिटायर्ड बँक मॅनेजर, प्रार्थनासुद्धा कर्ज मंजूर केल्यासारखी करतात. मार्था टीचर – नगरकडच्या, आवाज असा की माईक लाजावा. आणि फिलोमिना आंटी – सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. मुलगा दुबईला असतो एवढंच आम्हाला ठाऊक.

सात-आठ चिठ्ठ्या झाल्या. मग ही आली. अक्षर घाईचं होतं –

"आमचा ब्रुनो आठ दिवसांपासून घरी आलेला नाही. शेवटचा करावे जेट्टीवर दिसला. डाव्या पायाने लंगडतो. उजव्या कानाचा तुकडा गेलेला आहे. दिवसभर सोफ्यावर पडून असतो, अनोळखी माणसांच्या अंगावर धावून जातो, पण मनाने प्रेमळ आहे. माझी मुलगी जेवत नाही. प्रार्थना करा. – वंदना म्हात्रे, करावे गाव."

मार्था टीचरनी उसासा टाकला. "बिचारी! असला नवरा पदरात, तरी म्हणते प्रेमळ आहे."

आम्ही डोळे मिटले. सिरिल अंकलनी सुरुवात केली, "हे प्रभो, आमच्या भावाला, ब्रुनोला घरी परत आण. त्याची दारू सोडव..."

मी डोळा उघडून कुजबुजलो, "अंकल, दारूचं कुठे लिहिलंय?"

"दिवसभर सोफ्यावर पडतो, लोकांच्या अंगावर धावतो," अंकल डोळे न उघडता म्हणाले, "आणखी काय लिहायचं त्या बाईने?"

मग मार्था टीचर उभ्याच राहिल्या. "ब्रुनो! जिथं असशील तिथून नीघ! ब्रुनो, घरी ये! सोड ती दारू! घरची माणसं जेवंनात तुझ्यापायी!" भिंतीवरचं कॅलेंडर हललं. शेवटी मला पण बोलावं लागलं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून चिठ्ठीच पुन्हा वाचली – करावे जेट्टी, डावा पाय, सगळं.

फिलोमिना आंटी काहीच बोलल्या नाहीत. फक्त "आमेन" म्हणाल्या. पण त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, हळवा स्वभाव. घरी येऊन जेवलो आणि विसरलो.

शुक्रवारी मी वर्क फ्रॉम होम होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास अनिताने मला धर्मशिक्षणाच्या झेरॉक्स घेऊन चर्चच्या ऑफिसात पाठवलं. फादर टेबलाशी काहीतरी लिहीत बसले होते. मी गठ्ठा ठेवतो न ठेवतो तोच दारात एक बाई आल्या – चाळिशीच्या, गळ्यात जाड सोनसाखळी, एका हाताला दहा वर्षांची मुलगी. दुसऱ्या हाताने त्यांनी एका माणसाचं मनगट घट्ट धरलं होतं.

"फादर कोन हाय इथं?"

"मी. बोला ताई."

"मी वंदना म्हात्रे. चिठी टाकली व्हती ब्रुनोची."

"हो, हो, गटाने सांगितलं! सापडले का ब्रुनो?"

"यो सापडला!" बाईंनी त्या माणसाला पुढे ढकललं. "यो आमचा नाय. चुकीचा धाडलाव. याला परत घ्या न आमचा द्या."

फादर त्या माणसाकडे बघत राहिले. चाळिशीच्या आतबाहेरचा, अंगावर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोकं पडलेला शर्ट. उजव्या कानाची पाळी तुटलेली. आणि आत येताना त्याचा डावा पाय ओढला जात होता.

"पण ताई," फादर सावकाश म्हणाले, "तुमचे ब्रुनो म्हणजे... तुमचे मिस्टर ना?"

"मिस्टर?" बाईंचा आवाज चढला. "माजा नवरा घरी जेवतोय! ब्रुनो कुत्रा हाय हो, कुत्रा! तपकिरी!"

मुलगी हुंदका देऊन म्हणाली, "मी जेट्टीवर जाऊन रोज हाक मारते. आज मारली, तर हे काका आले आणि म्हणाले, काय?"

"आता नाव ब्रुनो, पाय त्योच, कान त्योच," म्हात्रेताई म्हणाल्या. "मी घाबरले. म्हटलं, आपुन लिवायला चुकलो, यांनी मानूस बनवून दिला."

फादरांनी त्या माणसाला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हात्रेताईंनी तेव्हा कुठे मनगट सोडलं. तो इथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या नावड्याला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. पाय तीन वर्षांपूर्वी लोखंडी चॅनेल पडून गेलेला, कान पत्र्याने कापलेला. करावे गावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

"मग जेट्टीवर काय करत होतात?" मी विचारलं.

तो ओशाळला. "हसाल तुमी. मंगळवारी संध्याकाळी काम संपवून हात धूत होतो. सव्वासात-साडेसात असेल. तर नावाने हाक आली. एक बाई ओरडत होती – ब्रुनो, घरी ये, सोड ती दारू. वाटलं शेजारच्याचा टीव्ही आहे. मग एक म्हातारा पण तेच, दारू सोडव म्हणून. अहो, मी दारू पीत नाय! आमच्या वर्कशॉपात मी एकटाच नाय पीत! मग तिसरा एक माणूस, एकदम बोअर आवाज, काहीतरी वाचून दाखवल्यासारखा... करावे जेट्टी, करावे जेट्टी. तीन दिवस डोक्यात तेच. टेन्शन आलं. आज सुट्टी होती, म्हटलं एकदा जाऊन बघून येऊ."

तो बोलता बोलता थांबला. माझ्याकडे निरखून बघू लागला. "तुमीच ना ते?"

मला बसावंसं वाटलं, पण पाहुण्यांची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर तो होता.

"घर कुठे तुमचं?" फादरांनी विचारलं.

"घर नाय. वसईला होतं. पप्पा गेले तेव्हा मी अंत्यविधीला उशिरा पोचलो. ममीने दफनभूमीच्या गेटवरच सांगितलं, मला तोंड दाखवू नको. नऊ वर्षं झाली. दोन वर्षांनी गेलो होतो, तर घर विकलेलं. ममी कुठे गेली ते कुणाला माहीत नाय."

फादर ताडकन उठले आणि बाहेर गेले. शुक्रवारी चॅपेलमध्ये आराधना असते. तिथून ते कुणाला घेऊन आले असतील ते तुम्ही ओळखलं असेलच. मला मात्र त्या क्षणापर्यंत खरंच कळलं नव्हतं.

फिलोमिना आंटी दारात थांबल्या. आधी त्यांची नजर कानावर गेली. मग पायावर. मग त्या तरातरा पुढे आल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "किती वाळलायस!" मग दुसरा. मग त्याच पाठीला मिठी मारून असा हंबरडा फोडला की म्हात्रेताईही रडायला लागल्या, मुलगीही, आणि फादर खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघायला लागले.

दुबईबिबई काही नव्हतं. आंटींनी आम्हाला लाजेपोटी सांगितलेलं; खरं काय ते फक्त फादरांना माहीत होतं.

थोड्या वेळाने म्हात्रेताईंनी पदराने डोळे पुसले. "झालं ते बरंच झालं. पर आमच्या ब्रुनोचं काय?"

मग आम्ही तिथेच, ऑफिसात, दुसऱ्यांदा प्रार्थना केली. या वेळी फादरांनी स्वतः केली आणि 'चार पाय' व 'शेपूट' हे शब्द स्पष्ट उच्चारले. रविवारी सकाळी कुत्रा घरी आला. तो गावातल्याच एका लग्नाच्या मांडवामागे मुक्कामाला होता. चिकन खाऊन चांगला गुबगुबीत झालेला. त्यात गूढ काही नाही.

पण बाकीचं?

मी हर तऱ्हेने तपासलं. चिठ्ठी चौघांखेरीज कुणी वाचली नव्हती. आमच्यापैकी कुणी नावड्यात पाऊल ठेवलेलं नाही. खोलीचा आवाज रस्त्यापर्यंत जातो – मार्था टीचरचा जातोच – पण नावड्यापर्यंत? आणि समजा नाव, पाय, कान सगळे जुळून आले, तरी जी दारू चिठ्ठीत नव्हती आणि जी तो पीत नव्हता, ती सिरिल अंकलची दारू त्याच्या कानात शिरली कशी?

एकदा फिलोमिना आंटींना विचारलं, "आंटी, तुम्ही इतकी वर्षं गटात आहात. ब्रुनोसाठी कधी चिठ्ठी का टाकली नाहीत?"

"मीच हाकलला ना त्याला?" त्या म्हणाल्या. "मागायला तोंड कुठे होतं? त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी त्याच नावाने मागितलं. मी हळूच माझं आमेन त्यात घातलं."

फादरांना विचारलं तर ते वर बोट दाखवून म्हणाले, "मला पोस्टमन समज. पत्त्याचं तिकडे बघतात." त्याच आठवड्यात पेटीवर सूचना लागली – 'माणूस की प्राणी, स्पष्ट लिहावे.'

तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनाने वाचेन. 'योगायोग' म्हणणार असाल तर तो शब्द मी फिलोमिना आंटींसमोर एकदा वापरून बघितलाय. त्या तव्यावरचा बोंबील उलटत म्हणाल्या, "असेल बाबा. तू बस, जेवून जा. ब्रुनो येईलच इतक्यात."