शक्यतो

शाहूपुरीतल्या एका सभागृहात गोदामांसाठी आगीच्या सुरक्षेचे नियम ठरवायची बैठक होती. आम्ही व्यापारी, काही अधिकारी आणि हातकणंगल्याहून आलेली एक बाई. तिचा नवरा गोदामाच्या आगीत गेला होता. दार आत उघडणारं होतं. बाहेर पडायला धावलेल्या माणसांच्या रेट्यानं ते उघडलंच नाही.

"दार भायेर उघडणारं पायजे, एवढंच लिवा," ती म्हणाली. बोलताना तिचा तळहात पुढं काहीतरी ढकलत होता.

कुणी रस्ता अरुंद असल्याचं सांगितलं, कुणी खर्चाचं. नियम सगळ्यांच्या संमतीनंच व्हायचे होते. शेवटी वाक्यात 'शक्यतो' हा शब्द घातला आणि सगळे तिच्याकडं बघू लागले. ती अडून बसली असती तर बाकीचे नियमही रखडले असते. तिनं हळूच हात वर केला.

जिन्यात ती मला म्हणाली, "पावणं, शक्यतो म्हंजे न्हाईच की. आन् मीच व्हय म्हनलं."

पुढं मी माझ्या गोदामाचं दार बदललं. तिला कळवावंसं फार वाटतं, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. शेजारची दारं अजून आतच उघडतात. नियमात बसतं.