भाड्याच्या गाडीची मागची काच

भाव करण्यात माझा हात धरणारा आमच्या कॉलेजात कोणी नाही, असं मीच लोकांना सांगत आलो आहे. मिक्सर घ्यायचा असो की गादी, सहकारी आधी मला विचारतात. मग मी दोन दुकानदारांची आपसात जुंपवून देतो आणि स्टाफरूममध्ये येऊन आरामात चहा पितो. बायको म्हणते, "तुम्हाला वस्तू नकोच असते, सूट हवी असते." तिचं हे बोलणं मी हसण्यावारी नेत असे.

मागच्या वर्षी विजेवर चालणाऱ्या गाडीचं खूळ डोक्यात शिरलं. विकत घ्यायची ऐपत नव्हती. पण कंपनीची गाडी महिन्याच्या भाड्याने काही वर्षं वापरायची आणि मुदत संपली की परत करायची, अशी लीजची सोय निघाली होती. झालं, मी सवलती हुडकायला लागलो. विजेच्या गाडीला रस्त्याचा कर माफ होता, कंपनीला वर्ष संपायच्या आत जुना माल खपवायचा होता, पगारातून परस्पर भाडं वळवलं तर आयकर वाचत होता. अकोल्याच्या एजंटाला नागपूरचा भाव सांगायचा आणि नागपूरच्याला अकोल्याचा, हा माझा उद्योग सुरू झाला. महिन्याला कमी किलोमीटर चालवायचं कबूल केलं की भाडं आणखी उतरत होतं, तेही मी कबूल करून टाकलं. शेवटी एकच सवलत उरली. घरातली जुनी गाडी भंगारात द्या, तिचा दाखला आणा, भाडं आणखी कमी करू, असं ते म्हणाले.

माझ्याकडे जुनी गाडी नव्हती. पिंपळगाव राजाला दादाकडे होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो शेती बघतो, आईही त्याच्याकडेच असते. त्याची व्हॅन रोज सकाळी वांगी-मिरच्या घेऊन खामगावच्या बाजारात जायची. दरवाजे सुतळीने बांधलेले, थंडीत धक्का मारल्याशिवाय सुरू होत नसे. पण मागच्या काचेवर लाल रेडियममध्ये 'आईचा आशीर्वाद' ही अक्षरं मात्र कायम पुसलेली, लखलखीत. आमच्या आईला वाचता येत नाही आणि आता मोतीबिंदूमुळे धड दिसतही नाही. तरी ती त्या काचेवरून जाता-येता हात फिरवायची.

मी फोन केला. दादा क्षणभरही थांबला नाही. "घेऊन जाय बे. घरातच तर नवी गाडी येऊन राह्यली, मंग या खटाऱ्याचं काय करतं? फक्त मायले एकडाव सोनाळ्याले नेऊ. मावशी बाजेवरून उठत नाई आता. माय रोज तिचंच नाव घेते."

सोनाळ्याला आईची मोठी बहीण. आईचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढू देत नाहीत आणि व्हॅनचा तेवढ्या लांब भरवसा नव्हता. शिवाय आईचा हट्ट होता. मावशीच्या दारात ती कायम भाड्याची गाडी करून उतरली होती. एकदा तरी लेकाच्या गाडीतून उतरायचं होतं.

'नेऊ की,' मी म्हणालो. गाडी आपली होणार नाही, कंपनीचीच राहणार, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. दादाने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमच्याकडे भाड्याची गाडी वऱ्हाडाला नाही तर दवाखान्याला येते. तो शब्द माझ्या तोंडून निघेना. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. मी ते सोंग महिन्याच्या भाड्याने आणलं होतं.

व्हॅन भंगारात गेली. नवी गाडी घेऊन गावी गेलो तेव्हा आईने गाडीला आणि मला एकत्रच ओवाळलं. दादाने नारळ फोडला. मग "हवा पाहून आणतो" म्हणून गाडी घेऊन गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा लहान पोरासारखा हसत होता. आईचा हात धरून त्याने तिला गाडीच्या मागे नेलं आणि तिची बोटं काचेवर टेकवली. त्याच रेडियमवाल्याकडून, तशीच लाल अक्षरं करून आणली होती. आई अगदी काचेला डोळा लावून म्हणाली, "लाल हाय. आपलंच हाय."

मीही हसलो. पण डोक्यात करारातलं कलम फिरत होतं. गाडीवर काहीही चिकटवायचं नाही, चिकटवलं तर परत देताना पैसे कापणार.

सोनाळ्याचा विषय मी दोनदा पुढे ढकलला. त्या महिन्याचे किलोमीटर संपत आले होते. दादाला मात्र सांगितलं की कॉलेजात परीक्षा आहेत.

तेवढ्यात कंपनीचा माणूस गाडी तपासायला येणार असल्याचा निरोप आला. रविवारी सकाळी मी बायकोचं केस वाळवायचं मशीन घेऊन बुलढाण्याच्या घराच्या अंगणात बसलो. उन्हाने रेडियम काचेला घट्ट धरलं होतं. 'आईचा' निघालं. 'आशीर्वाद' पात्याने खरडत होतो आणि मागून आवाज आला, "काऊन बे?"

दादा फाटकात उभा होता. हातात भाजीची पिशवी. व्हॅन नव्हती, म्हणून पहाटेच्या एसटीने आला होता. सोनाळ्याचा दिवस पक्का करायला.

मी उठून उभा राहिलो. कागदोपत्री भाषा फार येते मला, पण तेव्हा एकही नीट वाक्य जुळेना. "दादा, गाडी आपली नाई. कंपनीची हाय. महिन्याचं भाडं भरतो मी. मुदत झाली का परत द्या लागते. वर काई लावलेलं चालत नाई."

"आन् किती फिरवाची ते?"

"तेही मोजूनच."

तो काचेकडे पाहत राहिला. मी वाट पाहत होतो, की आता तो व्हॅनचं काढेल. माझी गाडी भंगारात घातली ती या भाड्याच्या गाडीसाठी का, असं विचारेल. एक शिवी दिली असती तरी मी सुटलो असतो. त्याने पिशवी पायरीवर ठेवली आणि माझ्या हातातलं पातं काढून घेतलं.

"असं खरडू नको. काचेवर चरे पडतीन, मंग त्याचे पैसे कापतीन तुहे. खोबरेल आण."

मी घरातून तेल आणलं. त्याने ते बोटाने अक्षरांवर चोळलं, थोडं मुरू दिलं आणि नखाने एकेक कड उचलत 'आशीर्वाद' काढून टाकला. स्वतः हौसेने लावलेला. काढलेली पट्टी इकडेतिकडे टाकली नाही, घडी करून खिशात ठेवली. मी फक्त फडकं धरून उभा होतो.

चहा पिताना मी म्हणालो, "येत्या रविवारी मायले घेऊन जाऊ सोनाळ्याले. नक्की."

"राहू दे. ऑटो करतो मी. तुहे किलोमीटर वाढतीन."

टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण तो टोमणा नव्हता. त्याला खरंच माझी काळजी वाटत होती. मी हट्टालाच पेटलो, तेव्हा कुठे तो 'बरं' म्हणाला. जाताना एवढंच बोलला, "मायले सांगू नको, म्हातारीले काई दिसत नाई तसंही."

रविवारी आई नवं लुगडं नेसून समोरच्या सीटवर बसली. दादा मागे. तो वाकून वाकून किलोमीटरचा आकडा बघत होता आणि वरवट बकालच्या अलीकडे म्हणाला, "या बाजूनं घे, थोडकं वाचते." मी भाव करण्यात तरबेज माणूस, माझे किलोमीटर माझा भाऊ वाचवत होता. मी गाडी त्या बाजूने घेतली.

मावशीची बाज ओसरीतच होती. गाडी समोरच्या अंगणात लावताना तिची पाठ ओसरीकडे आली, माझ्या ते ध्यानातही आलं नाही. दोघी बहिणी हातात हात घेऊन रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मग आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाई, तू चौथी शिकली ना व? वाच बरं, मागं काय लिवलं हाय. थोरल्यानं लिहून आणलं माह्यासाठी."

मावशीने मान वळवून गाडीकडे पाहिलं. काच लख्ख होती. तिच्यात अंगणातला कडुलिंब दिसत होता, बाकी काही नाही. तिने दादाकडे पाहिलं, त्याने नजर खाली घातली. मग माझ्याकडे पाहिलं. मी काय तोंड केलं होतं मला ठाऊक नाही, पण तिला पुरेसं झालं असावं.

"आईचा... आशीर्वाद," अक्षर लावून लावून तिने वाचलं.

"लाल हाय ना?"

"लालभडक हाय व."

आई बाजेच्या खुराला टेकून बसली आणि बहिणीचा हात थोपटत म्हणाली, "यंदा भाड्याच्या गाडीनं नाई आली मी."