लवूकाकाची भावकी

मुर्धा गावचा लवू गावंड भावकीच्या बाबतीत भलताच कडक. आडनावातलं कुणी गेलं की दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, गालाला वस्तरा लावायचा नाही. मग मेलेला माणूस शेजारच्या घरातला असो, नाहीतर थेट अलिबागकडचा, जन्मात तोंड न पाहिलेला. मिठागरात राबून राबून पायांची सालं गेली, बायको गेली, पोर झालंच नाही. त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. "मना आग द्याला निहार हाय ना," असं तो चारचौघांत सांगायचा. निहार म्हणजे त्याच्या भावकीतल्या, लांबच्या चुलतभावाचा मुलगा. बाप गेल्यावर आजीला घेऊन शहरातल्या जेसल पार्कात राहायला गेलेला. कॉम्प्युटरची नोकरी.

या निहारनेच दोन हजार आठ साली घोळ घातला. मुर्ध्याचे गावंड मूळचे अलिबागकडचे, असं जुनी माणसं सांगत. ते खरं का, हे त्याला बघायचं होतं. बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे, असं जवळजवळ जसंच्या तसं उतरत जाणारं काहीतरी पुरुषाच्या अंगात असतं म्हणे. ते तपासणारी एक कंपनी त्याने परदेशात हुडकली. टोकाला कापूस लावलेल्या काड्या आल्या. एक निहारने गालात फिरवली, एक अलिबागकडच्या आत्माराम गावंडने, आणि तिसरी लवूच्या हातात दिली. आधी त्याला चूळ भरायला लावली.

"तमाकू धुवून काय बघतंस?" लवू म्हणाला. "आज्यापासून तीच उतरलीय."

दोनेक महिन्यांनी निकाल आला. निहार आणि आत्माराम एका मुळाचे निघाले. लवूचा दोघांशीही मेळ बसेना. निहारने चार दिवस विषय टाळला. लवूनेच फोन करकरून खोदून विचारलं, तेव्हा सांगावं लागलं.

दुसऱ्याच दिवशी लवू धुतलेला सदरा घालून जेसल पार्कात हजर. दिलेलं पाणीही घेतलं नाही.

"पोरा, मी तुमचा न्हाय," तो निहारला म्हणाला. "आगीचं बोललो व्हतो ते सोड. तुला मोकला केला."

खाली लादीवर निहारची आजी सरूबाई सुका जवळा निवडत बसली होती. तिने सुपातून मान वर केली नाही.

"नवीन काय कललं तुला?" ती लवूला म्हणाली. "तुझा आजा घरजावई. मिठागरावं कामाला आलेला. सासऱ्याला एकच लेक, शेत कसाला मानूस पायजे, म्हून ठेवून घेतला न नाव आमचं लावलं. जुन्या बायकांना सगल्यांना ठावं हाय."

"मंग मना कुनी सांगलं न्हाय, काकी?"

"तू इचारलंस कवा? तू तर आमच्यापरीस जास्ती गावंड."

निहारला हसू आलं. लवूला नाही. तो मनाशी हिशेब करत राहिला.

"म्हंजे मी लेकीच्या अंगाचा. मना तुमचं सुतक तीनच दिवस."

"व्हय. न माझा लेक गेला तवा तू दहा दिवस धरलंस. सात दिस जास्तीचं झालं. ते आता परत नेतंस का?"

जवळ्यातून काडीकचरा बाजूला पडत होता, त्याच्याकडे लवू बघत बसला. मग हळूच निहारला म्हणाला, "लोक बोलतील तुला."

"काका, आग मी द्यायची की कंपनीने?" निहार म्हणाला. "मीच देणार. पाणी प्या आधी."

लवूने तांब्या उचलला आणि सगळा रिकामा केला. तोंड पुसलं. जरा माणसात आला.

निहारची हौस मात्र फिटली नव्हती. "काका, तुमच्या मुळाची माणसं कुठंतरी असतीलच. शोधू का?"

"शोध की," लवू म्हणाला. "पन सांगून ठेवतो, त्यांचं सुतक मी धरनार न्हाय. या वयात नवीन भावकी मना झेपायची न्हाय."