तांबडी रेघ

पूर ओसरल्यावर दौलूमामा तांबडा रंग घेऊन देवळाच्या ओवरीत उभे होते. पाणी जिथवर चढलं तिथं भिंतीवर रेघ मारायची, ही आमच्या गावाची रीत. मागच्या पुराची रेघ खाली पायरीपाशी होती. तिच्या वर पाणी येत नाही, या भरवशावर यंदा पाणी चढू लागल्यावर मामांनी आपल्या चारही म्हशी ओवरीच्या खांबांना बांधल्या होत्या आणि घरची माणसं नावेतून निघून गेली होती.

पाणी काही रेघेला विचारून चढलं नाही.

मेलेल्या म्हशी सकाळीच ओढून नेल्या होत्या. दावी तेवढी खांबांना राहिली होती. भिजून दगड झालेली गाठ सोडवत मामी म्हणाल्या, "म्हस बुडतीया व्हय कधी? सोडल्या असत्या तर पवत गेल्या असत्या."

मला वाटलं, नदीला आपण उगाच शिव्या घालतो. तिनं नुसतं पाणी आणलं. गाठी आपल्याच, त्याही मायेनं मारलेल्या, एकीवर एक.

मामांनी हात पुरेल तितका उंच करून ओलीच्या खुणेवर नवी रेघ ओढली. मागं सरून ती नीट पाहिली.

"आता ह्येच्या वर काय येत न्हाई," ते म्हणाले.