चुंगीनाक्याचा बाक

धारला माझ्या माहेरी अकरा माणसं एकाच वेळी बोलायची आणि सगळ्यांना सगळं ऐकूही यायचं. लग्न होऊन देवासला आले ती दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलणाऱ्या माणसाच्या घरी. मला वाटलं, बोलेल हळूहळू. मी आहे ना.

यांची पहिली पाळी तीनला सुटे. कंपनीची बस साडेतीनला आमच्या चौकात येई, हे मात्र सव्वाचारला घरी. एकदा भाजी घेताना बसचा ड्रायव्हरच म्हणाला, "भाभी, भिया तो रोज चुंगीनाके पे ही उतर जाते हैं." माझ्या मनात नको ते आलं. दुसऱ्या दिवशी लपून पाहायला गेले. बंद पडलेल्या जकातीच्या नाक्यासमोर सिमेंटचा बाक होता, त्यावर हे एकटेच बसले होते. हातात मोबाइलसुद्धा नाही.

बाई असती तर भांडता आलं असतं. बाकाशी काय भांडणार? माझा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच माझं चुकलं. नवऱ्याला एकटं बसू देणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं, असं माहेरच्या सगळ्या बायका मानत. मी रोज पोहे आणि थर्मासभर चहा घेऊन बाकावर हजर राहू लागले. दिवसभराचं सगळं सांगायची. हे पोहे खायचे, घरापर्यंत थर्मास धरायचे. कधी नको म्हणाले नाहीत.

चार महिन्यांनी यांनी पीथमपूरला बदली मागून घेतली. तिथेच खोली घेतली. रविवारी येत.

"अहो, माझं काही चुकलं का?" एकदा विचारलंच.

"चुकलं नाही. आठ तास मशीन, मग घर. मधला तेवढाच वेळ माझा होता."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"तू पोहे आणायचीस," ते म्हणाले.

मागच्या वर्षी हे रिटायर झाले. मी पुढची खोली रंगवून घेतली, खास यांच्यासाठी. भावाला धारहून बोलावून दाराला आतून कडी बसवली. यांनी आल्यावर कडी एकदा लावून पाहिली. चांगली झालीय म्हणाले, आणि संध्याकाळच्या बसने पीथमपूरला परत गेले. तिथली खोली यांनी अजून सोडलेली नाही.

मला राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही. परवा सव्वाचारला मीच त्या खोलीत गेले, आतून कडी लावली आणि गप्प बसून पाहिलं. दहा मिनिटंसुद्धा बसवलं नाही.