दस्तगीर मेस्त्रींची एकमेव नापसंती

मयताचे नाव : दस्तगीर मेस्त्री, धंदा रिक्षाच्या सीटा व हूड शिवण्याचा, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. दिनांक : रमजान ईदेनंतरचा दुसरा शनिवार. साक्षीदार : एक, पत्नी हलीमाभाभी, दोन, मी स्वतः, अर्जलेखक, ज्याचे टेबल गेली अनेक वर्षे मेस्त्रींच्या दुकानाच्या पायरीला लागून आहे. सकाळी मी टेबल पुसत असताना भाभी मागच्या खोलीतून दारात आल्या आणि म्हणाल्या, "आण्णा, मेस्त्री उठंनात..." मी फडके टेबलावर टाकून आत गेलो.

मेस्त्रींचा मुलगा सलीम स्पेनमध्ये हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केले आणि त्यांना इनेस नावाची मुलगी झाली. रविवारी दुपारी फोनवर ती दिसे, पण सलीम त्या वेळी कामावर. घरात ती आणि तिची आई, दोघींनाही आपली भाषा येत नाही. आजोबा आणि नात एकमेकांकडे बघून हसत. अशा हसण्यावर किती रविवार निघणार? म्हणून साठी ओलांडलेल्या या गृहस्थाने शिलाई मशीनला फोन टेकवून स्पॅनिश शिकायला घेतली. हिंदीतून शिकवणाऱ्या एका बाईंचे व्हिडिओ त्यांना सापडले होते. पहिलाच धडा आवडीनिवडीचा. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडते, 'नो मे गुस्ता' म्हणजे आवडत नाही. सरावाला प्रश्न करणारा एक आणि जबाब देणारा एक लागतो. सबब प्रश्न करण्याचे काम माझ्याकडे आले. अर्ज लिहून घ्यायला आलेली माणसे आमचे ते सवालजबाब ऐकत ताटकळत आणि कपाळाला हात लावत. एक धडा तोंडपाठ झाला की शनिवारी दुकान आवरल्यावर पुढचा दोघांनी मिळून बघायचा, एकट्याने नाही, असा आमचा रिवाज पडला.

इनेस फोनपुढे एकेक वस्तू धरून विचारी. ऑलिव्ह आवडते का, मांजर आवडते का, शाळेचे गणित आवडते का... मेस्त्रींचे उत्तर ठरलेले : मे गुस्ता. एका रविवारी पोरीने जांभई दिली, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि ती खेळायला गेली. आजोबांना सगळेच आवडते, मग त्यांना काय विचारायचे, असे ती म्हणाल्याचे सलीमने नंतर कळवले. त्या दिवशी मेस्त्रींनी मशीनला हात लावला नाही.

मी त्यांना स्पष्ट सांगितले की, यापुढे नापसंती नोंदवल्याशिवाय गत्यंतर नाही.

"कशी नोंदवू, वकीलसाब?" ते मला चेष्टेने वकीलच म्हणत. "गिऱ्हाइकानं कसलं बी रेक्झिन पसंत करू दे, झकास हाय म्हणायचं. जन्म त्यात गेला की."

बिनसाखरेचा चहा? चालतोय. उन्हाळा? चालतोय. माझे अर्ज वाचून दाखवणे? तेही चालतेय. अखेर माझ्या बसायच्या स्टुलाकडे बघून ते म्हणाले, "ह्यो पोपटी रंग. डोळ्यांत जातोय. तुझ्या स्टुलाला घातला, कारण तुलाच पायजे होता."

ते स्टूल मी आजवर अनेकांना कौतुकाने दाखवत आलो होतो. तरीही त्या जबाबाने मला आनंद झाला, हे येथे नमूद करतो.

पुढच्या रविवारी मी हजर होतो. पोपटी रंगाविषयी सांगायचे मेस्त्री साफ विसरले. वेळ संपली, इनेसने हात हलवून निरोपाचे 'आदिओस' म्हटले. इकडून मेस्त्रींनी हात वर केला आणि म्हणाले, "नो मे गुस्ता आदिओस."

पोरीचा हात थांबला. ती फोनच्या अगदी जवळ आली, हळूच 'अ मी ताम्पोको' म्हणाली आणि फोन बंद झाला.

हे शब्द आमच्या धड्यात नव्हते. मेस्त्रींचा चेहरा उतरला. "रागावली का काय रं?" आवाज रागाचा नव्हता, असे माझे मत मी दिले. सलीमला विचारू म्हटले, तर नको म्हणाले. नात रागावली असेल तर ते मुलाच्या तोंडून ऐकायचे नव्हते. "फुडच्या धड्यात असंल," एवढेच म्हणाले. पुढचा धडा शनिवारचा होता... आणि तो शनिवार वर नोंदवलेलाच.

परवा भाभींची परवानगी घेऊन तो धडा मी एकट्यानेच पाहिला. बाई सांगत होत्या की, समोरच्याला एखादी गोष्ट आवडत नसेल आणि आपल्यालाही आवडत नसेल, तर 'अ मी ताम्पोको' म्हणावे. मलासुद्धा नाही. मी मागे नेऊन पुन्हा ऐकले. मग सवयीने मशीनकडे मान वळवली, सांगावे म्हणून. मशीनवर अर्धा शिवलेला हूड होता.

त्या शनिवारानंतर रविवारचा फोन आलेला नाही. सलीम आईशी बोलतो. इनेस समोर येत नाही. भाभी मात्र रविवारी दुपारी फोन मशीनला टेकवून ठेवतात आणि मी पोपटी स्टूल पायरीवरून आत घेऊन बसतो.

सबब कुमारी इनेस हिस विनंती, सलीमने ती तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावी : बाळ, रविवारचा फोन पूर्ववत सुरू करावा. समोर आजोबा नसतील. एक जाडा गृहस्थ दिसेल. त्याला पहिला धडा पुरता येतो आणि दुसऱ्यातले एक वाक्य. तू विचारशील त्यातले निम्मे तरी नावडते असल्याचे मी प्रामाणिकपणे सांगेन. शेवटी तू हात हलवशील, तेव्हा आजोबांचे वाक्य मी म्हणेन. त्यावर तू दिलेले उत्तर येथे कुणालाच कळले नव्हते, तरी ते एकदा पुन्हा द्यावे... मी फोन आजोबांच्या मशीनकडे वळवेन तेव्हा, जरा मोठ्याने.