दुखून राहिलं

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणायचो. अकोल्याच्या प्राथमिक शाळेत ती मास्तरीण होती. तोंड असं, की पोरं तर सोडाच, शाळा तपासायला आलेला साहेबही तिच्यापुढे जपून बोले. एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास तिचं डोकं दुखू लागलं, मग एक दिवस फळ्यापुढे फीट आली. शीर चढली म्हणून मायने मान चोळून घेतली. काही उपयोग झाला नाही, तेव्हा बाबा तिला मुंबईला घेऊन गेले. मी अमरावतीला कॉलेजात शिकत होते, म्हणून 'शिकेल पोरगी' मीही सोबत.

तिथे मानेत सुई टोचून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर पुण्याकडचे, माणूस सज्जन. म्हणाले, "मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता झालाय. कवटी उघडून तो काढता येईल, पण वाचा जाण्याची भीती आहे. नाहीतर गोळ्या घेत वाट पाहायची. दुखणं थांबलं असेल तर वाट पाहू. चालू असेल तर मात्र काढायलाच हवा, नाहीतर फुटेल."

मग त्यांनी बाईला विचारलं, "आता कसं आहे डोकं?"

"दुखून राहिलं, डाक्टरसाहेब."

"राहिलं ना? छान!" त्यांनी कागदावर 'दुखणं थांबलं' अशी नोंद करून गोळ्या लिहिल्या. बाहेर ही रांग होती.

बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र लख्ख कळलं. कॉलेजात पुण्याचे एक प्राध्यापक माझ्या 'जेवून राहिली'वर अख्खा वर्ग हसवत. "राहिली म्हणजे थांबली ना हो? मग उपाशीच का?" आमचं दुखून राहिलं म्हणजे दुखतंय, आत्ता, या घडीला. एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं.

नाही बोलले. आदल्या दिवशीच बाई म्हणाली होती, "वाचा गेली तं मी पोरायले शिकवू कशी? मुकी होऊन नाई जगाचं मले." आणि खरं सांगू? तिच्या तोंडाशिवायचं घर मलाच सोसलं नसतं.

जिन्यात तिने विचारलं, "मी म्हटलं दुखून राहिलं, अन् तो छान काहून म्हणे व?"

"मुंबईची रीत असन," मी म्हणाले. ती हसली. मी मेलीही हसले.

पुढचे पाच महिने ती शाळेत गेली, पोरांवर ओरडली, माझ्याशी भांडली. एका सकाळी हजेरी घेता घेता खाली कोसळली. मी अमरावतीहून पोचले तेव्हा तिला बाहेर आणून ठेवलं होतं.

मायने माझा दंड धरला. "डाक्टर तं म्हणे दुखणं थांबलं व्हतं. तू तं तिथंच व्हती. मंग काहून गेली व माही पोरगी?"

बाबा खाली बघत होते. मी म्हणाले, "हो माय. थांबलं व्हतं."